सरंजामाची उतरंड : युरोपांतील व आपल्याकडील

होटगीच्या शिवारांत शाळूची काढणी झाली, कणसें खुडून खळ्यावर आलीं, तिवड्याभोंवतीं बैलांची पात फिरली व वाऱ्यावर उफणून धान्याची रास पडली, म्हणजे पूर्वीच्या शेतकऱ्याचें वर्षाचें काम संपलें असें एखाद्यास वाटेल. पण ती रास घरीं नेण्यापूर्वीं तिच्यावर किती जणांचे हात पडावयाचे असत याचा विचार केला म्हणजे आश्चर्य वाटतें. सरकारचा वांटा, देशमुख-देशपांड्यांचे हक्क, पाटील-कुळकर्ण्यांची घुगरी, देवस्थानचा शेर-पायली, आणि सुतार-लोहारांपासून गुरव-मुलाण्यापर्यंत सर्वांचीं बलुतीं. हीं सर्व वजा जातां जें उरेल तें कुणब्याच्या कणगींत. एका राशीवर इतक्या हक्कदारांची उतरंड कां रचली गेली, ती इतकीं शतकें कशी टिकली आणि शेवटीं कशामुळें कोसळली, हें जाणून घेणें जमीन बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थास अवश्य आहे. आणि हा प्रकार केवळ आपल्याच देशांत झाला असें नाहीं. युरोप खंडांत सुमारें पांचशें वर्षें समाजाची सारी रचना याच पायावर उभी होती. दोन्ही उतरंडी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे आपली अधिक चांगली समजते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जमीन हाच पगार

इ. स. ४७६ मध्यें पश्चिमेकडील रोमन बादशाही मोडली. पुढें शार्लमेन नांवाच्या पराक्रमी राजानें बराच युरोप एका छत्राखालीं आणिला व ८०० सालीं तो बादशहा झाला. परंतु ८१४ सालीं तो वारल्यावर त्याच्या वंशजांनीं राज्याचे तुकडे केले. त्याच सुमारास उत्तरेकडून समुद्रमार्गें नॉर्समन, पूर्वेकडून मग्यार व दक्षिणेकडून अरब यांच्या धाडी सुरू झाल्या. राजा दूर, वाटा बिकट, खजिन्यांत नाणें थोडें. अशा वेळीं गांवाचें रक्षण करावयाचें कोणी? चिलखत घातलेला घोडेस्वारच काय तो उपयोगी पडे. परंतु घोडा, चिलखत, शस्त्र व चाकर यांचा खर्च साध्या माणसाच्या आटोक्यांतला नव्हता. रोख पगार देण्यास पैसा नसल्यामुळें राजानें पगाराऐवजी जमीन तोडून दिली. ही जमीन खा व बोलाविलें असतां घोड्यानिशीं हजर हो, असा हा करार होता.

करार करण्याची रीतही पाहण्यासारखी होती. जमीन घेणारा उघड्या डोक्यानें, शस्त्र न धरितां धन्यापुढें गुडघे टेकी, दोन्ही हात जोडून धन्याच्या हातांत देई, व मी आजपासून तुमचा माणूस झालों अशा अर्थाची शपथ घेई. धनी त्यास रक्षणाचें वचन देऊन उठवी. सामान्यतः वर्षांतून चाळीस दिवस स्वखर्चानें लढाईची चाकरी करावी लागे. हा माणूस आपल्या जमिनीचे तुकडे पाडून आपल्या हाताखालीं दुसरे स्वार ठेवी व त्यांजकडून तशीच शपथ घेई. राजाखालीं ड्यूक व कौंट, त्यांच्या खालीं बॅरन, त्यांच्या खालीं नाइट, अशा या एकावर एक ठेवलेल्या मडक्यांच्या ओळी बनल्या.

आरंभीं ही जमीन हयातीपुरती असे. धारण करणारा मेला म्हणजे ती धन्याकडे परत जावयाची. परंतु एकदां घरांत आलेली जमीन कोण सोडतो? ८७७ सालीं फ्रान्सच्या राजानें परदेशच्या मोहिमेवर जातांना केलेल्या ठरावांत, मोहीम चालू असतां एखादा कौंट वारल्यास त्याच्या मुलाचा हक्क राखून ठेवावा असें मान्य केलें. हळूहळू चाकरीची जमीन वारशाची झाली, व चाकरी पडली मागें. ही गोष्ट वाचकांनीं मनांत धरून ठेवावी, कारण पुढें आपल्याकडेही तिचाच पडताळा येणार आहे.

तीन वर्ग आणि त्यांचा भार

त्या काळच्या पंडितांनीं या व्यवस्थेस धर्माचाही टेंकू दिला. अकराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील लाँ येथील बिशप अदालबेरो यानें समाजाचे तीन वर्ग सांगितले : प्रार्थना करणारे, लढणारे व कष्ट करणारे. तिघांनीं एकमेकांस आधार द्यावा, असें त्यांतील तत्त्व. तत्त्व ऐकण्यास गोड आहे; परंतु पहिले दोन वर्ग मूठभर होते, आणि तिसऱ्यांत जवळजवळ सारी जनता होती. वरच्या दोन मडक्यांतला दाणा खालच्याच मडक्यांतून यावयाचा.

खालच्या मडक्याची स्थिति काय होती? गढीभोंवतीं एक गांव असे. गांवच्या जमिनीचे दोन भाग. एक धन्याच्या खासगीचा व दुसरा कुळांचा. पुष्कळ ठिकाणीं शिवाराचे तीन मोठे पट्टे पाडून एकांत हिंवाळी पीक, दुसऱ्यांत उन्हाळी पीक व तिसरा पडीक, अशी पाळी ठेवीत. प्रत्येक कुळाचे लांबट तुकडे त्या तीनही पट्ट्यांत विखुरलेले असत. उत्तरेकडील चिकण जमिनीस जड नांगर लागे व तो ओढण्यास आठ आठ बैल जोडावे लागत. एका घरीं इतकीं जनावरें कोठलीं? म्हणून शेजारी आपापले बैल एकत्र करून नांगरट करीत. आपल्या काळ्या रानांत मोठ्या लांकडी नांगरास तीन-चार जोड्या लागत व त्यासाठीं सावड किंवा इर्जिक करावें लागे, हें ज्यांनीं पाहिलें वा ऐकलें आहे त्यांस ही गोष्ट परकी वाटणार नाहीं.

कुळानें आठवड्यांतून दोन-तीन दिवस धन्याच्या खासगींत बिनमोल राबावें, सुगींत त्याहून अधिक. दळण धन्याच्याच गिरणींत दळावें व त्याचा दाणा द्यावा. देवळास दशांश द्यावा. मुलीचें लग्न करावयाचें तर धन्यास फी द्यावी. घरचा कर्ता मेला तर गोठ्यांतील उत्तम जनावर धन्याकडे जावें. आणि सर्वांत मोठें बंधन हें कीं, परवानगीवांचून गांव सोडून जातां येऊं नये. त्यास गुलामाप्रमाणें बाजारांत विकीत नसत. पण जमीन हातोहात गेली म्हणजे तोही तिच्याबरोबर जाई. त्याच्या बाजूनें एकच आधार होता, तो म्हणजे गांवची वहिवाट. धन्याच्या कचेरींत वहिवाटीप्रमाणें निवाडा होई, आणि वहिवाटीपेक्षां अधिक मागणें धन्यासही जड जाई.

इंग्लंडांत १०६६ सालीं विल्यम राजानें राज्य जिंकल्यावर १०८६ सालीं साऱ्या मुलखाची पाहणी करविली. कोणत्या गांवीं जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, कुळें किती व पूर्वीं धनी कोण होता, हें सर्व ‘डूम्सडे बुक’ या दप्तरांत नोंदलें गेलें. त्याच वर्षीं त्यानें सॉल्सबरी येथें मोठमोठ्या जमीनदारांकडून, ते कोणाच्याही हाताखालचे असोत, प्रत्यक्ष राजाशीं इमान राखण्याची शपथ घेतली. जमीन देऊन माणूस बांधावा आणि तोच पुढें राजास डोईजड व्हावा, ही भीति राजांस नेहमीं असे.

आपल्या घरचा सरंजाम

युरोपांतील या पद्धतीस आपण मराठींत ‘सरंजामशाही’ म्हणतों. शब्द घरचाच आहे. सरंजाम म्हणजे सामान, सिद्धता. फौजेचा सरंजाम राखण्यासाठीं सरदारास ज्या मुलखाचा वसूल लावून दिला, तो त्याचा सरंजाम. याचें उदाहरण होटगीकरांस दूर शोधावयास नको. स्टेशनावरून वाडीच्या बाजूस जाणारी गाडी थोड्याच वेळांत अक्कलकोट रोडला पोंचते. तें अक्कलकोट हें सरंजामी संस्थानच होतें.

१७०७ सालीं शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेंत येत असतां पारद गांवीं झुंज झाली व तींत तेथील पाटील सयाजी लोखंडे पडला. त्याच्या विधवेनें आपला लहान मुलगा महाराजांच्या पायांवर घातला. महाराजांनीं त्यास पदरीं घेतलें, फत्तेसिंह हें नांव व भोसले हें आडनांव दिलें, आणि पुढें अक्कलकोटचा मुलूख त्याच्याकडे आला. पाटलाचा मुलगा राजघराण्याच्या पंक्तीस बसला तो शपथेच्या व कृपेच्या बळावर, आणि मोबदला मिळाला तो जमिनीचा. पेशवाईनंतर १८२० सालच्या कराराप्रमाणें अक्कलकोटकर सातारच्या महाराजांचे मांडलिक म्हणून स्वार पुरवीत. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झाल्यावर तें नातें इंग्रज सरकारशीं जोडलें गेलें, व कालांतरानें स्वारांची चाकरी जाऊन तिच्याऐवजीं दरसाल रोख रक्कम ठरली. इंग्लंडांत बाराव्या शतकांतच नाइट लोक लढाईस न जातां त्याऐवजीं राजास पैसे भरूं लागले होते. त्या पट्टीस ढालपट्टी म्हणतां येईल. चाकरीचा पैसा झाला, पण मुलूख मात्र घराण्यांतच राहिला. १९४८ सालीं अक्कलकोट मुंबई राज्यांत विलीन झालें.

त्याहून जुनी गोष्ट सोलापूरच्या किल्ल्याची आहे. १५२४ सालीं अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा व विजापूरच्या आदिलशहाची बहीण यांचें लग्न झालें. सोलापूर हुंड्यांत देण्याचें बोलणें होतें, तें पुरें झालें नाहीं, व त्यावरून दोन शाह्यांत लढाया जुंपल्या. किल्ला व त्याखालचीं गांवें लग्नाच्या आहेरांत घालावयाचीं, आणि त्या गांवांतील कुणब्यास कोणीं विचारावयाचें नाहीं, ही रीत युरोपांतही तंतोतंत अशीच होती.

आपल्याकडे सरंजामाखेरीज दुसरी एक गोष्ट होती, ती वतन. सरंजाम हा चाकरीपुरता, धन्याच्या मर्जीचा. वतन हें वंशपरंपरेचें, विकतां व वांटून घेतां येणारें. परगण्यावर देशमुख व देशपांडे, गांवीं पाटील, कुळकर्णी व चौगुला, त्यांच्या खालीं मिरासदार व उपरी. मिरासदार हा आपल्या शेताचा धनी. सारा भरीत असेतों त्यास कोणी हालवूं शकत नसे, आणि दुष्काळांत परागंदा झाला तरी परत येऊन तो आपली मिरास मागे. उपरी हा केवळ मक्त्यानें करणारा. त्यांच्या सेवेस बलुतेदार, आणि त्यांच्यांतही पायऱ्या : थोरली, मधली व धाकटी कास. पुष्कळ ठिकाणीं सुतार, लोहार, महार व मांग थोरल्या कासेंत. कुंभार, चांभार, परीट व न्हावी मधल्या कासेंत. आणि भट, गुरव, मुलाणा व कोळी धाकट्या कासेंत मोजीत. गांवोगांवीं यांत थोडाफार फरक असे. कास थोरली म्हणून मान थोरला असें मात्र नव्हे. शेतीस ज्याच्या कामाची गरज अधिक, त्याचा धान्याचा वांटा अधिक, एवढाच तिचा अर्थ. मान हा वेगळ्याच तराजूनें तोलला जाई. पोळ्यास पहिला बैल कोणाचा, होळीची पोळी प्रथम कोणी वाहावयाची, विडा आधीं कोणास, यावरून पिढ्यान्पिढ्या तंटे चालले, गोतसभा बसल्या, महजर झाले.

शिवाजीमहाराजांनीं या वतनदारांच्या मुसक्या आवळल्या. त्यांचे वाडे-हुडे पाडविले, रयतेकडून परस्पर वसूल करण्याची मोकळीक काढून घेतली, व लष्करास शक्य तों रोख वेतन दिलें. परंतु १६८९ सालीं संभाजीमहाराजांच्या वधानंतर मोंगलांशीं झगडण्यास पैसा नव्हता. तेव्हां राजारामांच्या कारकीर्दींत वतनें व सरंजाम देऊन माणसें जोडावीं लागलीं. शार्लमेनच्या वंशजांवर जी पाळी आली तीच ही. पुढें १७१९ सालीं चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्यावर तो वसूल सरदारांत वांटून दिला गेला, आणि जे सरंजाम नांवाला चाकरीपुरते होते, ते शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या घरीं दौलती होऊन बसले. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत वतनदार हे लहान असले तरी राज्याचे दायादच होत, अशा अर्थाचा इशारा दिला तो उगाच नव्हे.

साम्य आणि भेद

येथवर साम्य झालें. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. युरोपांतील कूळ जमिनीस बांधलेलें होतें, तर आपला मिरासदार जमिनीचा धनी होता. आपल्याकडे पाटलाची शेकडों एकरांची खासगी व तींत आठवड्यांतून तीन दिवस साऱ्या गांवानें राबावें, असा प्रकार सर्वसाधारण नव्हता. या दृष्टीनें आपला कुणबी अधिक मोकळा होता, असें अभिमानानें म्हणतां येईल.

परंतु वाचकहो, अभिमानाचें हें पान उलटून मागचें पानही वाचलें पाहिजे. युरोपांत पळालेलें कूळ एखाद्या सनदी शहराच्या तटाआड वर्ष व एक दिवस राहिलें कीं पुष्कळ ठिकाणीं तें मोकळें समजलें जाई. आपल्याकडे पायरी जातीस जोडलेली होती, व जात गांव सोडल्यानें सुटत नसे. महार वतनदाराचें उदाहरण घ्या. वेशीची राखण, शिवेची साक्ष, चावडीवर माणसें बोलावणें, सरकारी वसूल पोंचविणें, टपाल नेणें, मेलेलीं जनावरें ओढणें. रात्र पाहावयाची नाहीं, पाऊस पाहावयाचा नाहीं. मोबदला म्हणून हाडकीचा लहानसा तुकडा, तोही पिढ्यांगणिक वांटून वीतभर झालेला, आणि खळ्यावरचें बलुतें. काम एकानें नाकारलें तर साऱ्या भावकीचें वतन धोक्यांत. नांव वतनाचें, पण बेडी कुळाच्या बेडीहून हलकी नव्हती. वर शिवाशिवीचा कलंक. १८७४ च्या वतन कायद्यानें ही स्थिति लेखी झाली. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई कायदेमंडळांत या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणिलें. कामाच्या मानानें रोख पगार द्यावा व ज्यास वतन नको त्यास मोकळें करावें, हा त्यांच्या मागणीचा रोख होता. तें बिल तडीस गेलें नाहीं. अखेर १९५८ च्या कायद्यानें हलक्या गांवकामगारांचीं वतनें नाहींशीं झालीं. मधलीं तीस वर्षें ज्यांनीं तें लांबविलें त्यांत आमचेच पाटील व आमचेच खातेदार होते, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं.

उतरंड कशी कोसळली

युरोपांत पहिला धक्का रोगाचा बसला. १३४७ ते १३५१ या काळांत प्लेगनें युरोपांतील फार मोठा लोकसमुदाय नाहींसा केला. माणसें कमी, शेतें तेवढींच. तेव्हां मजुरीचा भाव चढला. इंग्लंडांत १३५१ सालीं जुन्याच दरानें काम करावें असा कायदा झाला, पण कायद्यानें मजूर कोठून येणार? १३८१ सालीं तेथें शेतकऱ्यांचें मोठें बंड झालें. बंड मोडलें, तरी बिनमोल राबणूक हळूहळू जाऊन तिच्या जागीं रोख खंड आला. फ्रान्समध्यें ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्रीं राष्ट्रसभेनें सरंजामी हक्क रद्द केल्याचा ठराव केला. रशियांत भूदासांची सुटका होण्यास १८६१ साल उजाडलें.

आपल्याकडे १८३६ सालीं इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी लागू झाली. शेताशेताचा नंबर पडला, तीस वर्षांची आकारणी ठरली, व सरकारचा संबंध सरळ खातेदाराशीं जडला. मधलीं मडकीं खिळखिळीं झालीं; परंतु त्यांच्या जागीं सावकाराचें मडकें येऊन बसलें. रोख सारा ठरल्या दिवशीं भरावयाचा व जमीन गहाण टाकतां येते, या दोन गोष्टींनीं पुष्कळांच्या जमिनी गेल्या, आणि १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले. यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला. स्वातंत्र्यानंतर मात्र पायऱ्या भराभर निघाल्या. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें गेलीं. कूळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकीही संपली.

यांतून काय घ्यावयाचें

या साऱ्या इतिहासांतून एकच गोष्ट पुनःपुन्हां दिसते. प्रत्येक हक्काचा जन्म कांहींतरी कामांतून झाला. नाइटानें लढावें म्हणून जमीन, देशमुखानें मुलूख वसवावा म्हणून हक्क, पाटलानें गांव राखावा म्हणून मान. जोंवर काम होतें तोंवर राशीवरचा हात कोणास बोंचला नाहीं. काम सुटलें व हक्क उरला, तेव्हां तोच हात ओझें झाला. आणि ज्याच्या कामावर सारें चाललें होतें, त्याचें नांव दप्तरांत सर्वांच्या शेवटीं आलें, किंवा आलेंच नाहीं.

तेव्हां जुन्या वतनदारांस नांवें ठेवून आपण मोकळें होऊं नये. आपल्या सातबाऱ्यावर आज कोणाचीं नांवें आहेत, आणि आपल्या रानांत प्रत्यक्ष कोण राबतें, हें प्रत्येकानें एकदां पडताळून पाहावें. निंदणी, खुरपणी, काढणी यांत घरच्या बायकांचा हात निम्म्याहून कमी नसतो. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीसही वडिलार्जित मिळकतींत मुलाइतका वांटा आहे. तरी वांटणीच्या वेळीं हक्कसोडीचा कागद पुढें करण्याची चाल पुष्कळ घरीं दिसते. वाटेकरी तोंडी बोलीवर शेत करतो, म्हणून पीक बुडालें असतां नुकसानीची मदत त्याच्या हातीं न पडतां सातबाऱ्यावरील नांवाकडे जाते. सालगड्याची बोली पाडव्यास ठरते, पण त्याच्या दुखण्याखुपण्याचा विचार त्या बोलींत क्वचितच असतो. हीं सारीं आपल्याच उतरंडीचीं खालचीं मडकीं होत.

वरचें मडकें फुटलें म्हणजे आवाज मोठा होतो. पण उतरंड उभी असते ती तळच्या मडक्याच्या आधारावर. यंदा खळ्यावर रास पडेल तेव्हां मापाला हात घालण्यापूर्वीं, या राशींत कोणाचें काम आहे व कोणाचा वांटा अजून बाकी आहे, एवढा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं केला, तरी या इतिहासाचें वाचन कारणीं लागलें असें म्हणतां येईल.